गाडी कंत्राटदाराची, तोटा जनतेचा

मुंबईच्या रस्त्यांवर धावणाऱ्या बसवर ‘बेस्ट’ हे नाव असले, तरी ती बस आता बहुतांशी बेस्टची राहिलेली नाही. गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, देखभाल कंत्राटदाराची. उपक्रमाचे म्हणून जे उरले आहे ते गाडीवरील नाव, मार्गाचा क्रमांक आणि तोटा. २०१० च्या सुमारास ज्या उपक्रमाकडे चार हजारांहून अधिक गाड्या होत्या, त्याच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या २०२५ मध्ये पाचशेच्याही खाली आल्या. भाड्याच्या गाड्या मिळवूनही एकूण संख्या तीन हजारांपर्यंत पोचत नाही. या सबंध प्रक्रियेला राज्यकर्त्यांनी आणि त्यांच्या सल्लागारांनी ‘आधुनिकीकरण’ असे भारदस्त नाव दिले आहे.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे, की हे आधुनिकीकरण नव्हे. एका सार्वजनिक संस्थेची ही सावकाश, गाजावाजा न करता लावलेली विल्हेवाट आहे. ज्या संस्थेच्या हाती स्वतःच्या गाड्या नाहीत, स्वतःची कार्यशाळा नाही आणि स्वतःचा कामगार नाही, ती संस्था वाहतुकीचे व्यवस्थापन करूच शकत नाही. ती फक्त कंत्राटदारांची बिले चुकती करू शकते.

साखऱ्याचा मुंबईशी संबंध काय?

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखऱ्यात बसून मुंबईच्या बसची उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे.

२०२० साली महामारीच्या काळात मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होती. त्या वेळी बेस्टच्या मदतीला एसटीच्या सुमारे एक हजार गाड्या धावून गेल्या. राज्याच्या निरनिराळ्या विभागांतील चालक-वाहक आपली घरेदारे सोडून मुंबईत गेले आणि त्यांतील अनेकांना संसर्गही झाला. महानगर अडचणीत आले तेव्हा त्याच्या मदतीला कोणतीही खाजगी कंपनी आली नाही. खेड्यापाड्यांतून फिरणारी दुसरी सार्वजनिक संस्था आली. आदेश देताच ती येऊ शकली, याचे कारण गाड्या तिच्या स्वतःच्या होत्या आणि माणसे तिच्या हजेरीपटावरची होती.

दुसरे असे, की जो प्रयोग आधी मुंबईत झाला तोच आता एसटीवर होत आहे. विजेवर चालणाऱ्या ५,१५० गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार एसटी महामंडळाने केला. ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे त्या गाड्या आल्या नाहीत, आणि २०२५ मध्ये खुद्द परिवहनमंत्र्यांवरच तो करार रद्द करण्याची भाषा बोलण्याची वेळ आली. मुंबईत एक मार्ग बंद झाला तर नागरिकाला निदान रिक्षा मिळते. आमच्याकडे एसटीची फेरी बंद झाली, की शाळेतली मुलगी घरी बसते.

तिसरे कारण इतिहासाचे. निजामाच्या राज्यात १९३२ सालीच रेल्वेच्या एका शाखेमार्फत सरकारी बससेवा सुरू झाली होती. स्वतंत्र भारतात मुंबई राज्याची एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, त्याच्या सोळा वर्षे आधीची ही गोष्ट. निजामाची राजवट लोकशाहीवादी होती असे कोणी म्हणणार नाही. पण रस्त्यावरची वाहतूक ही शासनाने चालवायची सेवा आहे, एवढे त्या सरंजामी राजवटीलाही कळले होते. आजच्या लोकनियुक्त सरकारांना ते कळेनासे झाले आहे.

संस्था कशी उभी राहिली आणि कशी खचली

बेस्टची मूळ कंपनी १९०५ ची. १९०७ साली तिने विजेची ट्राम सुरू केली आणि १९२६ मध्ये पहिली बस रस्त्यावर आणली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या अवघा आठवडाभर आधी, हा सारा व्यवसाय मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचा झाला. वीजपुरवठा आणि वाहतूक ही दोन्ही अंगे एकाच छपराखाली आली, आणि पुढील अनेक दशके विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भरून निघत राहिली.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या व्यवस्थेला परस्पर-अनुदान म्हणतात आणि नव्या मताचे पंडित तिच्याकडे पाहून नाक मुरडतात. वस्तुतः ती एक साधी सामाजिक तडजोड होती. दक्षिण मुंबईतील कचेऱ्या, दुकाने आणि हॉटेले जी वीज वापरीत, तिच्या उत्पन्नाचा एक अंश त्याच कचेऱ्यांत कामाला येणाऱ्या माणसाच्या प्रवासासाठी खर्च होई. ज्यांच्या दारात कामगार वेळेवर पोचतो, त्यांनी त्याच्या प्रवासाचा थोडा भार उचलावा, यात अन्याय्य काय होते? २००३ च्या विद्युत कायद्यानंतर प्रत्येक अंगाचा हिशेब वेगळा मांडण्याचे तत्त्व रुजले आणि ही तडजोड टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली. तिच्या जागी दुसरा उत्पन्नाचा झरा मात्र कोणी निर्माण केला नाही. आधी एक पाय काढून घ्यायचा आणि मग हा माणूस लंगडतो म्हणून त्याला कामावरून कमी करायचे, असा हा न्याय आहे.

बेस्टच्या कारभारात दोष नव्हते असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. वातानुकूलित गाड्यांची एक मोठी खरेदी इतकी फसली, की त्या गाड्या २०१७ मध्ये सेवेतून काढून टाकाव्या लागल्या. परंतु खरेदी चुकली तर खरेदीची पद्धत सुधारावी, जबाबदारी निश्चित करावी. त्याऐवजी यापुढे खरेदीच करायची नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला. घरातील स्वयंपाक एकदा करपला म्हणून चूल विकून कायमचे खानावळीत जेवायला जाणाऱ्या गृहस्थाला आपण शहाणा म्हणत नाही.

कराराचे अर्थशास्त्र

भाडेतत्त्वाच्या या पद्धतीला कचेरीच्या भाषेत ‘वेट लीज’ म्हणतात. तिचे स्वरूप पक्षकार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण सारी मेख तेथेच आहे. कंत्राटदार गाडी आणतो, चालक ठेवतो, देखभाल करतो. उपक्रम त्याला दर किलोमीटरमागे ठरलेले पैसे देतो. तिकिटाचे उत्पन्न उपक्रमाकडे येते, म्हणजेच प्रवासी कमी झाले तर तोटाही उपक्रमाचाच. गाड्या उभ्या करण्यासाठी आगाराची जागा उपक्रमाची. विजेच्या गाड्यांच्या खरेदीसाठी केंद्र सरकारने दिलेले अनुदान जनतेच्या करातून आलेले. एवढे सारे जनतेने पुरवल्यावर शेवटी गाडीची मालकी मात्र कंत्राटदाराची.

खाजगी भांडवल धोका पत्करते म्हणून त्याला नफ्याचा अधिकार आहे, असे भांडवलशाहीचे समर्थक सांगत आले. येथे तर मागणीचा धोका जनतेचा, जागा जनतेची, अनुदान जनतेचे. मग नफ्याचा अधिकार कोणत्या न्यायाने, हे त्यांच्याच शास्त्राप्रमाणे त्यांनी सांगावे.

कंत्राट ज्याचा दर सर्वांत कमी त्याला मिळते. इंधनाचा किंवा विजेचा दर त्याच्या हाती नाही, गाडीची किंमत नाही, बँकेचे व्याजही नाही. त्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात : चालकाचा पगार आणि गाडीची देखभाल. दर किलोमीटरला मिळणाऱ्या पैशातून जे काही वाचवायचे ते त्याला या दोन ठिकाणीच वाचवावे लागते. तेव्हा कंत्राटी चालकाला कायम चालकापेक्षा कितीतरी कमी वेतन मिळते, हा एखाद्या मालकाच्या दुष्टपणाचा परिणाम नाही. करारातील गणिताचे ते अटळ उत्तर आहे. मालक बदलला तरी उत्तर बदलत नाही.

आणि इतके करूनही गणित जुळले नाही, तर कंत्राटदार निघून जातो. २०२२ नंतर एकामागून एक कंत्राटदारांनी मुंबईतून काढता पाय घेतला आणि प्रत्येक वेळी शेकडो गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला मात्र कोणत्या करारातून कोण बाहेर पडला याची वार्ता नसते. त्याला एवढेच कळते, की काल येणारी गाडी आज आली नाही. सार्वजनिक सेवेचा पहिला गुण म्हणजे तिचा भरवसा. जो पुरवठादार नफा सरताच उठून जाऊ शकतो, त्याच्या जोरावर भरवशाची सेवा उभी राहत नाही. आज मोबाइलवर बस कोठे आहे ते दिसते, तिकीटही तेथेच काढता येते. या सोयी चांगल्याच आहेत. पण मोबाइल बसची वाट दाखवतो, बस आणू शकत नाही.

वचन आणि व्यवहार

जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. त्यानंतर त्याच वर्षी जो समझोता झाला, त्यात उपक्रमाने स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा कायम राखावा आणि भाड्याच्या गाड्या त्याव्यतिरिक्त घ्याव्यात, असे ठरले होते. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे साध्या गाडीला ५ रुपये आणि वातानुकूलित गाडीला ६ रुपये करण्यात आले. भाडे कमी होताच दुरावलेले प्रवासी परतले. स्वस्त बस मिळाली तर मुंबईकर तिच्यात बसतो, हे त्या वेळी निर्विवाद सिद्ध झाले.

पुढे काय झाले? ३,३३७ चे वचन कागदावर राहिले. जुन्या गाड्या वयोमर्यादा संपल्याने मोडीत निघत गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या गाड्या उपक्रमाने घेतल्या नाहीत. १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुनी दुमजली बस सेवेतून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळव्या आठवणींचे रकाने भरले. त्या बसबरोबर मुंबईकरांच्या हातून मालकीही जात आहे, याविषयी फारच थोड्यांनी लिहिले. मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ चे १० आणि ६ चे १२ रुपये झाले. साध्या बसने दोन्ही वेळ जवळचा प्रवास करणाऱ्या घरकामगार स्त्रीचा महिन्याच्या २६ दिवसांचा खर्च २६० रुपयांवरून ५२० रुपयांवर गेला. तिची मजुरी दुप्पट झाली काय?

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मुंबईत लोकनियुक्त महापालिका नव्हती आणि म्हणून बेस्ट समितीही नव्हती. सबंध कारभार प्रशासकांच्या हाती होता. उपक्रमाचा ताफा संपत आला, कंत्राटदार आले आणि गेले, भाडे दुप्पट झाले. जनतेच्या प्रतिनिधीने उभे राहून जाब विचारावा अशी जागाच या काळात अस्तित्वात नव्हती.

कुर्ल्याचा जाब

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेच्या स. गो. बर्वे मार्गावर भाडेतत्त्वावरील विजेची एक बस गर्दीत घुसली. नऊ माणसे प्राणास मुकली, चाळीसहून अधिक जखमी झाली. चालकाच्या दोषाचा निवाडा न्यायालय करील. त्याविषयी येथे मत देण्याचे कारण नाही. परंतु न्यायालयात जो उभा राहतो तो चालक. ज्या पद्धतीने त्याला तेथवर आणले तिला आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे करणार?

दुर्घटनेनंतर पहिला प्रश्न विचारला गेला तो प्रशिक्षणाचा : नव्या प्रकारची, बारा मीटर लांबीची गाडी हाती देण्यापूर्वी चालकाला कितीसे शिकवले होते? बेस्टची स्वतःची प्रशिक्षणाची परंपरा होती. नवा चालक जुन्या चालकाच्या हाताखाली तयार होई, कार्यशाळेतला मिस्त्री गाडीच्या आवाजावरून तिचे दुखणे ओळखी. हे ज्ञान कोणत्याही निविदेत लिहिता येत नाही. ते माणसांच्या दीर्घ सहवासातून साठते, आणि माणसे दर काही महिन्यांनी बदलू लागली की विरून जाते. ताळेबंदात या ठेव्याची नोंद नसते, म्हणून हिशेबनिसाला तो नाहीसा झालेला दिसत नाही. दिसतो तो रस्त्यावर.

प्रतिपक्षाचे म्हणणे

प्रतिपक्षाचा पहिला युक्तिवाद पैशाचा. बेस्ट तोट्यात आहे, गाड्या घ्यायला पैसा कोठून आणायचा? २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यात बेस्टसाठी अनुदान होते १,००० कोटी, म्हणजे शंभर रुपयांतले दीड रुपयेही नव्हेत. त्याच महापालिकेने सागरी किनारा मार्गाच्या सुमारे साडेदहा किलोमीटरच्या पहिल्या टप्प्यावर अंदाजे १४,००० कोटी रुपये खर्च केले. या मार्गावरून प्रामुख्याने मोटारी धावतात आणि त्यांच्याकडून पथकर घेतला जात नाही. बेस्टला चौदा वर्षे पुरेल एवढे अनुदान एका रस्त्यात घातले, तेव्हा ‘तोटा’ हा शब्द कोणी उच्चारला नाही. मोटारीसाठी केलेला खर्च ही ‘गुंतवणूक’ आणि बससाठी केलेला खर्च हा ‘तोटा’, ही परिभाषा अर्थशास्त्राची नव्हे. ती वर्गहिताची आहे.

दुसरा युक्तिवाद मेट्रोचा. मेट्रो हवीच. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि तिच्यावर सुमारे ३७,००० कोटी रुपये खर्च झाले. पण मेट्रोच्या स्थानकापासून वस्तीपर्यंत माणसाला नेणार कोण? डोंगरउतारावरच्या झोपडपट्टीच्या तोंडाशी कोणतीही मेट्रो जात नाही. तेथे लहान बसच जाते. बस मोडून मेट्रो उभारणे म्हणजे ओढे बुजवून धरण भरण्याची आशा करणे होय.

तिसरा युक्तिवाद परदेशाचा. लंडनमध्ये खाजगी कंपन्या बस चालवतात, मग मुंबईत का नकोत? लंडनमध्ये मार्ग, वेळापत्रक आणि भाडे ठरवणारी सार्वजनिक यंत्रणा भक्कम आहे, हे सांगायला मात्र हे लोक विसरतात. आणि लंडनबाहेरच्या ब्रिटनचे काय? थॅचर सरकारच्या १९८५ च्या कायद्याने तेथील बससेवा बाजारावर सोडली. त्या धोरणाचे फळ चाखून झाल्यावर मँचेस्टर महानगराने २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या बसगाड्या पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये ते काम पुरे केले. बाजाराचे माहेरघर ज्या वाटेवरून मागे फिरत आहे, त्याच वाटेवर आपण ‘आधुनिक’ म्हणवून पुढे चाललो आहोत.

आपल्या बाजूची झाडाझडती

परंतु केवळ सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही. बेस्टच्या कामगारांशी समाजवादी चळवळीचे नाते जुने आहे. जॉर्ज फर्नांडिस आणि शरद राव यांच्या नावांशी तो इतिहास निगडित आहे. म्हणूनच आपल्याला काही कटू प्रश्न स्वतःला विचारले पाहिजेत. भाड्याच्या गाड्यांना मान्यता देणाऱ्या समझोत्यावर कामगार संघटनेचीही सही होती. कायम कामगारांचे हक्क सुरक्षित राहिले, की कंत्राटी कामगारांचे पुढे पाहता येईल, अशी भूमिका अनेकांनी मनोमन स्वीकारली. ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरील गाड्यांच्या चालकांनी वेतनवाढीसाठी काम बंद ठेवले, तेव्हा तो संप आठवडाभर चालला. त्या आठवड्यात आपल्यापैकी किती जण त्यांच्यासोबत रस्त्यावर बसले होते?

मालकाला दोन प्रकारचे कामगार हवे असतात, कारण एकाच्या भीतीने दुसरा वाकतो. एकाच आगारात, एकाच मार्गावर, एकच काम करणारी दोन माणसे, आणि त्यांच्या वेतनात जमीन-अस्मानाचे अंतर. ही दरी कामगार चळवळीने आपली मानली नाही, तर कायम कामगारही फार काळ कायम राहणार नाही. बेस्टच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना आपल्या हक्काच्या ग्रॅच्युइटीसाठी आंदोलने करावी लागली, यातून हा धडा घेता येईल.

प्रवाशाच्या बाबतीतही आपण कमी पडलो. संप झाला की प्रवासी कामगाराला शिव्या देतो, आणि आपण त्याला अज्ञानी ठरवून मोकळे होतो. बस ही कामगाराची रोजी आहे तशीच ती प्रवाशाचीही रोजी आहे. या दोघांना एका व्यासपीठावर आणणे हे पक्षाचे काम होते आणि आहे.

मागणी काय असावी

केंद्र सरकारच्याच नगरविकास खात्याच्या निकषाप्रमाणे दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस असेल, तर ती सेवा उत्तम श्रेणीची. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. त्या हिशेबाने शहराला सुमारे साडेसात हजार गाड्या हव्यात. आज त्याच्या निम्म्याही नाहीत. तेव्हा पहिली मागणी अशी, की दरवर्षी किती गाड्या उपक्रमाच्या स्वतःच्या मालकीच्या येणार, याचा तारीखवार कार्यक्रम महापालिकेने जाहीर करावा. गाड्या विजेच्या असाव्यात, वातानुकूलित असाव्यात. गरिबाने जुन्याच गाडीत बसावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. गाडी नवी हवी आणि मालकी जनतेची हवी. नवी भाडेपट्ट्याची कंत्राटे बंद व्हावीत आणि चालू कंत्राटे मुदत संपताच उपक्रमाने आपल्याकडे घ्यावीत.

दुसरी मागणी : बेस्टचे अनुदान महापालिकेच्या मर्जीवर न ठेवता अर्थसंकल्पाच्या ठरावीक हिश्शाच्या रूपाने कायद्याने बांधून द्यावे, आणि खाजगी मोटारींच्या वाहनतळावरील आकार त्यासाठी राखून ठेवावा. तिसरी : आगारांची इंचभर जमीनही बांधकाम व्यावसायिकांना देऊ नये, आगार गेले तर उद्या स्वतःच्या गाड्या घेऊनही त्या उभ्या कोठे करणार? चौथी : समान कामाला समान वेतन, आणि कंत्राटी चालकांना अनुभव धरून उपक्रमाच्या सेवेत घेणे. पाचवी : मोठ्या रस्त्यांवर बससाठी स्वतंत्र मार्गिका. साठ माणसे घेऊन जाणारी बस एकट्या माणसाच्या मोटारीमागे अडकून राहते, तोवर कोणतेही यंत्र तिला आधुनिक करू शकत नाही. सहावी : बेस्ट समितीत प्रवासी आणि कामगार या दोघांचे निवडलेले प्रतिनिधी.

यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. १९४७ साली गुलामीतून बाहेर पडणाऱ्या, आजच्याहून कितीतरी गरीब असलेल्या शहराने जे करून दाखवले, तेवढेच पुन्हा करा, इतकेच त्यांचे सार आहे. महापालिकेत पुन्हा लोकप्रतिनिधी आले आहेत. त्यांनी काय ठरवले हे प्रत्येक प्रभागात जाऊन विचारले पाहिजे. आणि मुंबईबाहेरच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या एसटी आगारात आतापासूनच गाड्यांची मोजणी सुरू करावी : किती गाड्या महामंडळाच्या, किती भाड्याच्या, किती फेऱ्या बंद झाल्या. ही यादी आज हाती असेल, तरच उद्या हिंगोलीच्या आगारातील गाडीवर फक्त एसटीचे नाव उरण्याच्या आत ती अडवता येईल.